दोनशे चाळीस तास

पदवीला काय काय लागतं, हे तिला तोंडपाठ होतं. एकशेवीस श्रेयांक. त्यात फौजदारी कायदा, पुराव्याचा कायदा, तुरुंग व्यवस्था, गुन्ह्यांचं समाजशास्त्र, व्यावसायिक नीती, आणि जिथं तिचं घोडं दोनदा अडलं ते संख्याशास्त्र. या सगळ्याच्या शेवटी दोनशे चाळीस तास प्रत्यक्ष काम. तेही कोर्टात, तुरुंगात किंवा परिविक्षा कार्यालयात, आणि तासातासावर तिथल्या अधिकाऱ्याची सही. हे सारं नाव नोंदवल्यापासून आठ वर्षांच्या आत. आठ वर्षं उलटली की सगळ्यांत जुने विषय नासायला लागतात, झाकण उघडं राहिलेल्या दुधासारखे. ते पुन्हा द्यायचे.

तिची आठ वर्षं संपायला एकोणीस दिवस उरले होते आणि तास उरले होते चव्वेचाळीस. रोजचे चार धरले तर अकरा दिवस. सुट्ट्या वजा जाता दोन दिवस हाताशी राहत होते. सर्दी झाली तरी चालेल, ताप येऊन चालणार नाही, असा हिशेब तिनं मनाशी केला होता.

पहाटे सहा ते दुपारी एक ती पोलिसांच्या नियंत्रण कक्षात आणीबाणीचे फोन घ्यायची. चौदा वर्षं घेत होती. कक्षात तिला सगळे 'कान' म्हणत, कारण पलीकडच्याच्या नुसत्या श्वासावरून हा माणूस खरं बोलतोय की थापा मारतोय, हे तिला कळायचं. चौदा वर्षं ती कंत्राटावर होती. त्या वर्षी वरून हुकूम आला, की ज्यांच्याकडे फौजदारी न्यायातली पदवी असेल त्यांना नव्या वर्षापासून कायम करणार, बाकीच्यांचं कंत्राट पुढे चालू राहणार नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे ती पदवी आधीच होती. तिला फोनवर रडणाऱ्या माणसाशी बोलता यायचं नाही, ती फोन कानकडे सरकवायची.

कान त्रेचाळीस वर्षांची होती. नवरा सोडून गेल्याला इतकी वर्षं झाली होती, की त्याच्यावर रागवायचंही ती विसरली होती. आडनाव तेवढं त्याचं राहिलं होतं. दोन खोल्यांत ती आणि आई. नऊ वर्षांनी धाकटा भाऊ होता. सहा वर्षांपूर्वी घरात कडाक्याचं भांडण झालं आणि तो निघून गेला. फोन नंबरही बदलला. ती कामावरून आली की आई विचारायची, "छोटूचा काही पत्ता?" ती म्हणायची, "नाही ग." मग दोघी चहा प्यायच्या. हे रोजचं झालं होतं.

सोमवारी दुपारी परिविक्षा अधिकारी मॅडमनी तिच्यापुढे एक फाईल ठेवली. या कार्यालयाचं काम असं, की एखाद्यानं गुन्हा कबूल केला की न्यायाधीश शिक्षा सुनावण्याआधी विचारतात, याला आत टाकायचं की देखरेखीखाली बाहेर ठेवायचं. मग कार्यालयातलं कोणीतरी त्याच्या घरी जातं, कामाची चौकशी करतं, ज्याला इजा झाली त्यालाही भेटतं आणि अहवाल लिहितं. मॅडमच्या टेबलावर अशी त्र्याण्णव प्रकरणं होती. फायलींच्या दोन थप्प्यांमधून त्यांचा चेहरा खिडकीतून दिसावा तसा दिसायचा.

"ही घ्या. तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची आहे," मॅडम म्हणाल्या. "औषधांच्या गोदामात तिघं घुसले. वॉचमन जखमी. ही फाईल तिसऱ्याची, टेम्पोवाल्याची. पुढच्या सोमवारपर्यंत कच्चा अहवाल द्या, मी तपासून सही करेन."

तिनं फाईल उघडली. पहिल्याच पानावर भावाचं नाव होतं. बापाचं नाव होतं. जन्मतारीख होती, जी तिला विसरणं शक्य नव्हतं, कारण त्या दिवशी, ती नऊ वर्षांची असताना, तिला शाळेतून लवकर घरी आणलं होतं.

फाईलला एक कागद टाचलेला होता, दर फाईलला असतो तसा. 'आरोपी, तक्रारदार किंवा जखमी व्यक्तीशी माझं कोणतंही नातं नाही.' खाली सहीची जागा. तोंड उघडलं तर हे काम जाणार. काम गेलं तर तास जाणार, तास गेले तर पदवी, आणि पदवीपाठोपाठ नोकरी. मॅडम समोर बसून दुसऱ्याच कागदावर काहीतरी खोडत होत्या. तिनं पेन उचललं आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली, याचं तिला नवल वाटलं.

मंगळवारी ती गेली. टायरच्या दुकानावरची खोली, बाहेरून लोखंडी जिना. जिन्यात घरमालकीण कपडे वाळत घालत होती. दार उघडलं आणि छोटू समोर उभा राहिला. केस मागे हटले होते, गालफडं बसली होती.

"ता..." त्यानं शब्द अर्ध्यावर गिळला. घरमालकिणीकडे नजर टाकली. "या मॅडम. आत या."

दार लावल्यावर तो भिंतीला टेकून खालीच बसला. "ताई, तू? तुला पाठवलं त्यांनी?"

"मी शिकाऊ आहे तिथं. त्यांना माहीत नाही."

हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून तिला कसंतरी झालं. बुडणाऱ्याच्या हाताला फळी लागावी तसा तो उजळला.

"आई कशी आहे?"

"गुडघे गेलेत. तुझी वाट बघते."

"आता सगळं नीट होईल बघ. मी एका छापखान्यात लागलोय. महिना झाला. आणि ताई, मी फक्त टेम्पो चालवला. मी उतरलोसुद्धा नाही. त्या म्हाताऱ्याला काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आईची शपथ."

शपथेच्या आधी त्यानं छोटासा श्वास घेतला होता. चौदा वर्षांत असे हजारो श्वास तिच्या कानांवरून गेले होते. ती खोलीभर बघत राहिली. छापखान्यातल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ नसतात, हे कळायला कान लागत नव्हते.

"छोटू, मला हे प्रकरण सोडावं लागेल. सांगावं लागेल त्यांना."

"सही केलीस ना कागदावर? आम्हाला वकिलानं सांगितलंय, असा कागद असतो म्हणून." तो उठून उभा राहिला. "मग आता काय सांगणार? तू पण लटकशील आणि मी पण. गप्प बस आणि चार बऱ्या ओळी लिही. तुझी पदवी होईल, माझी सुटका होईल. कोणाचं काय वाकडं होणार आहे यात?"

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी आत टिकणार नाही ग. तुला माहितीये मी कसा आहे."

तिला माहीत होतं. पाचसहा वर्षांचा होईपर्यंत तो न्हाणीघराचं दार लावून घ्यायचा नाही. ती बाहेर पाठ करून उभी राहायची आणि मधून मधून "आहे रे मी" म्हणायची.

बुधवारी कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिनं अहवाल लिहायला घेतला. आठ वर्षं जी भाषा ती शिकली होती ती हाताशी हजर होती. 'आरोपीच्या वागण्यात पश्चात्ताप दिसून येतो.' 'नियमित रोजगार आहे.' 'गुन्ह्यातील सहभाग दुय्यम स्वरूपाचा.' एकेक वाक्य अलगद कागदावर उतरत होतं. दीड पान झालं तेव्हा तिनं ते वाचून पाहिलं. इतका सफाईदार अहवाल तिनं आजवर लिहिला नव्हता. तिनं तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. सहा वाजता मॅडमनी चार तासांवर सही केली आणि म्हणाल्या, "दमलेल्या दिसताय. घरी जाऊन झोपा."

झोप कुठली लागायला. आईनं रात्रीच्या गोळ्या घेताना विचारलं, "छोटूचा काही पत्ता?" आणि ती म्हणाली, "नाही ग." सोमवारपासून ती आईशी रोज हे खोटं बोलत होती, त्याआधी कधी बोलली नव्हती.

गुरुवारी वॉचमन. तो मुलीच्या घरी होता, तळमजल्यावर. पलंग खिडकीला लावलेला, शेजारी चार पायांचा वॉकर. एकसष्ट वर्षांचा, हाडापेरानं मोठा माणूस. पण पायजम्यातले पाय काड्या झाले होते. मुलगी चहा ठेवायला आत गेली आणि तो स्वतःहूनच सांगू लागला. त्याला सांगायचं होतं, फक्त ऐकणारं कोणी बसत नव्हतं.

"रविवार होता. दुपारचे तीन. मी हटकलं, तर दोघं मला ढकलून पळाले. मी उतारावरून खाली आलो तो कमरेवरच. खुबा मोडला. आवाज ऐकू आला मला मोडल्याचा. दोघं टेम्पोत चढले. मग टेम्पोवाला उतरला आणि माझ्याकडे आला."

"टेम्पोवाला?" तिनं विचारलं.

"हो, तोच. बरं वाटलं मला. तरणा पोरगा, चेहऱ्यावरून काही वाईट वाटला नाही. मी म्हटलं, बाळा, फोन लाव रे. फोन माझ्या हातातच होता, पण बोटं चालेनात. त्यानं तो काढून घेतला. हिसकावला नाही हं, खोटं कशाला बोलू. हळूच घेतला. आणि भिंतीपलीकडे टाकून दिला."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

"मग 'सॉरी काका' म्हणाला आणि गेला. सोमवारी सकाळी सातला दुसरा वॉचमन आला तोवर मी तिथंच. सोळा तास. लघवी झाली, अंगावरच. ऊन गेलं, थंडी पडली. भिंतीपलीकडे फोन वाजत होता. मुलगी करत होती. शेवटी त्याची बॅटरी संपली." त्यानं वॉकरच्या मुठीवरून हात फिरवला. "ढकलणाऱ्यांचं मला एवढं वाटत नाही. घाबरून ढकललं असेल. पण हा परत आला होता हो."

तिची वही मांडीवर तशीच उघडी होती. त्या फोनवरून लागला असता तो नंबर तिच्याच खोलीतला. तिथून कोणीतरी म्हणालं असतं, कुठं आहात, हलू नका, माणसं निघाली आहेत. रोज कितीतरी वेळा ती हे म्हणायची. त्या रविवारी दुपारी, तिची पाळी संपल्यावर, कक्षात कोण बसलं होतं, हे आठवायचं तिनं टाळलं.

"तुम्ही भेटलात त्याला?" वॉचमननं विचारलं. "कसा आहे पोरगा?"

"घाबरलेला आहे," ती म्हणाली.

"असणारच," तो म्हणाला.

मुलीनं आणलेला चहा तिनं घेतला.

शुक्रवारी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. मॅडमनी पेन ठेवलं. फाईल मागवली, तो सहीचा कागद काढला आणि त्यावरची सही पाहिली.

"कधी कळलं तुम्हाला?"

"सोमवारी."

"सही केल्यावर?"

"आधी."

"'आधी' म्हणाला नसतात तर मला कळायला काही मार्ग नव्हता."

"हो."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "तुम्ही माझ्या सगळ्यांत चांगल्या शिकाऊ होतात," त्या म्हणाल्या, आणि त्यातला 'होतात' तिला नीट ऐकू आला. "एकशेशहाण्णव तासांवर माझ्या सह्या आहेत, त्या मी मागे घेणार नाही. या आठवड्याचे सोळा खोडते. आजपासून येऊ नका. विद्यापीठाला मला कळवावं लागेल. जे घडलं तेच लिहीन, कमी नाही, जास्त नाही. ओळखपत्र द्या."

गळ्यातलं ओळखपत्र काढताना त्याची दोरी केसांत अडकली. मॅडमनी उठून ती सोडवली.

जिन्यावरच्या बाथरूममध्ये जाऊन तिनं ते दीड पान बारीक फाडलं आणि पाण्यात सोडलं. दोनदा साखळी ओढावी लागली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. आधी तो सापडल्याचं सांगितलं, आणि आईचा चेहरा उजळला त्या क्षणीच पुढचं सांगावं लागलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"तू लिहिल्या असत्यास दोन ओळी बऱ्या, तर तुझं काय जात होतं?"

"आई, तो माणूस सोळा तास पडला होता."

"त्याच्याबद्दल नाही विचारलं मी. छोटूबद्दल विचारलं." आई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. "त्याला बंद दाराची भीती वाटते. तुलाच ठाऊक होतं ते. दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?"

त्यानंतर आई तिच्याशी बोलेनाशी झाली. काही हवं असलं की खोलीतल्या हवेला सांगायची: गोळ्या संपल्या, नळ गळतो. संध्याकाळचा तो एक प्रश्नही बंद झाला, आणि तो बंद झाल्यावर घर किती शांत आहे ते कळलं.

पंधरा दिवस आणि चव्वेचाळीस तास. तिनं उंबरठे झिजवायला सुरुवात केली. बालगृहात सांगितलं, चारित्र्य पडताळणीला तीन आठवडे लागतात. मोफत कायदेशीर सल्ल्याच्या कार्यालयातली बाई चांगली होती, पण मागच्या ठिकाणचं पत्र मागत होती. तुरुंगाच्या फाटकावरच्या शिपायानं अर्ज घेतला, उलटसुलट केला आणि हसून म्हणाला, "आत यायला धडपडणारं माणूस नवीनच बघतोय." एरवी ती हसली असती.

विद्यापीठातल्या खिडकीवरचा कारकून तिला आठ वर्षं ओळखत होता. त्यानं नियमांचं पुस्तक तिच्याकडे फिरवलं. "बघा ताई. मी बनवलेला नाही हा नियम. मी बनवला असता तर आधी स्वतःला सोडवलं असतं, माझा इंग्रजीचा पेपर अजून राहिलाय." मग जरा पुढे वाकून म्हणाला, "समितीकडे अर्ज टाका. मुदत वाढवून देतात कधी कधी. तिथं फार बोलू नका. विचारतील तेवढंच सांगा."

समितीत तिघं होते. मध्ये बसलेले गृहस्थ अध्यक्ष, एक वकील, आणि तिला व्यावसायिक नीती शिकवलेल्या प्राध्यापकबाई. मॅडमचं पत्र त्यांच्यापुढे होतं. मॅडमनी खरंच कमी लिहिलं नव्हतं की जास्त नाही. शेवटी एवढंच होतं, की हिनं आपण होऊन सांगितलं. अध्यक्षांचा सूर मऊ होता. कौटुंबिक परिस्थिती, चौदा वर्षांची सेवा, दोन महिने मुदतवाढ देण्यासारखं आहे, असं ते बोलत होते. तिचा जीव इतक्या दिवसांनी थोडासा भांड्यात पडायला लागला होता.

मग प्राध्यापकबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "त्या चार दिवसांत अहवालाचं काही काम झालं होतं का?"

ते दीड पान गटारातून केव्हाच वाहून गेलं होतं. ते कोणी पाहिलं नव्हतं. 'नाही' हा एक शब्द पुरेसा होता, आणि तो म्हणण्यासाठी तिनं श्वास घेतला. छोटासा. तो तिचा तिलाच ऐकू आला.

"दीड पान लिहिलं होतं," ती म्हणाली. "खोटं होतं ते. त्याला नोकरी आहे म्हणून लिहिलं, नव्हती. मग फाडलं."

वकिलानं कागदावर काहीतरी टिपलं. अध्यक्षांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं त्यांच्या हातातली वस्तू पाडली होती.

पत्र आठ दिवसांनी आलं. दोनशे चाळीसपैकी एकही तास धरला जाणार नाही. व्यावसायिक नीती हा विषय रद्द, पुन्हा द्यावा. मुदत संपल्यामुळे पहिल्या दोन वर्षांतले पाच विषय बाद. पुन्हा नाव नोंदवायला हरकत नाही. संख्याशास्त्र मात्र वाचलं. दोनदा नापास होऊन ते उशिरा सुटलं होतं, म्हणून मुदतीत बसत होतं. ते वाचून ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसली, आणि मग खाली बसून पदराआड इतकी रडली, की आई दारापर्यंत आली, थबकली आणि परत फिरली.

छोटूचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्यानं लिहिला. छापखान्यात त्याचं नावही कोणाला माहीत नव्हतं. त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती मागच्या बाकावर बसली होती. नेताना त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं. त्यानं नुसतं पाहिलं आणि दोन्ही हात पुढे धरून पोलिसाबरोबर चालू लागला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक वाजता तिनं कानावरचा हेडफोन उतरवला. चोवीस वर्षांच्या मुलीनं तिला मिठी मारली आणि सोडेना. "आता रडणाऱ्यांशी मी काय बोलू?" ती विचारत होती. "बोलू नकोस फारसं," तिनं सांगितलं. "नाव विचार आणि लाईन सोडू नकोस."

आता ती एका दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसते. कोणता डॉक्टर कुठल्या मजल्यावर, ते सांगते. संध्याकाळी वर्गात जाते. बाकीची मुलं तिच्या अर्ध्या वयाची आहेत आणि तिला आधी शिक्षिका समजून उभी राहिली होती. नीतीचा वर्ग त्याच प्राध्यापकबाई घेतात. त्या तिला प्रश्न विचारत नाहीत, आणि तीही हात वर करत नाही. प्रत्यक्ष कामाच्या तासांना अजून दोन वर्षं आहेत. तिथं अर्ज घेतील का, हे तिनं कोणाला विचारलेलं नाही.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती आईला तुरुंगावर घेऊन जाते. तिचं नाव भेटीच्या यादीत नाही. त्यानं घातलेलं नाही. आई आत जाते आणि ती रस्त्यापलीकडच्या बाकावर बसते. पहिल्या चार वेळा आई बाहेर येऊन काही न बोलता बसथांब्याकडे चालू लागली, आणि ती दोन पावलं मागून गेली.

पाचव्या वेळी बसमध्ये गर्दी नव्हती. दोघींना शेजारी शेजारी जागा मिळाली. तीन थांबे गेल्यावर आई खिडकीकडे बघत म्हणाली, "आत गारठा फार आहे म्हणतो. स्वेटर चालतो, एका रंगाचा. मला काही दुकानात चालवणार नाही."

"मी बघते," ती म्हणाली.

"खांद्यात बघून घे. बारीक झालाय तो."

"किती?"

आईनं मांडीवरचे हात उचलले, हवेत एक माप धरलं, जरा विचार केला आणि दोन्ही हात थोडे आणखी जवळ आणले.